जीपचं ऑइल गळतंय? सील बदलण्याआधी ब्रीदर बघा

"जीप आहे, ऑइल गळणारच" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि मला ते कधीच पटलं नाही. गाडीखाली पत्र्याचा ट्रे ठेवायचा, दर महिन्याला अर्धा लिटर ऑइल टाकायचं आणि गप्प बसायचं, असं करणारे चांगले चांगले लोक आमच्या कोल्हापुरात आहेत. त्यांच्या गाड्यांची बॉडी आरशासारखी चमकते पण बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधलं क्लचचं घर) खालच्या भोकातून थेंब थेंब चालूच. माझं म्हणणं सरळ आहे, जुन्या डिझेल जीपची निम्मी गळती सीलमुळे नसते, आतल्या दाबामुळे असते, आणि त्या दाबाला जोवर बाहेर निघायला मोकळी वाट, म्हणजे ब्रीदर, मिळत नाही तोवर तुम्ही कितीही भारी सील बसवा, जोडांवर कितीही शेलॅकची चिकटी लावा, ऑइल कुठून ना कुठून वाट काढणारच.

आमची गाडी महिंद्राची एमएम ५४०, इंजिन प्युजोच्या लायसनवर बनलेलं एक्सडीपी ४.९०. चार सिलिंडर, ९० मिमी बोअर, ८३ मिमी स्ट्रोक, मिळून २११२ सीसी. टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही, साधं सरळ इंजिन आणि नीट ठेवलं तर लय चालतं. आधीच्या मालकाकडे असताना कुणीतरी टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण) ब्रीदरचा मूळचा जाड पाईप काढून तिथे १० मिमीची नळी जोडली होती आणि ती खाली चेसिसपर्यंत सोडून दिली होती. बाहेरून बघितलं तर एकदम नीटनेटकं काम, क्लिपा बिपा लावून. गाडी आमच्याकडे आल्यावर एका गॅरेजमध्ये मागचा क्रँक सील बदलून घेतला, त्यासाठी गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट ऑइलनं भिजली होती ती पण नवीन टाकली, आणि पावसाळा संपायच्या आत परत तेच, गगनबावड्याला जाताना चढाला क्लच घसरायला लागला. तेव्हा उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी खाली वाकून सील बघितलासुद्धा नाही. त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलची टोपी काढली आणि उलटी करून नुसती तोंडावर ठेवली, तर ती तडतड नाचायला लागली. म्हणाले, "सीलचा दोष न्हाई ओ, आत कोंडलंय ते आधी भायेर काढा."

आता हे कोंडतं काय ते सांगतो कारण हे समजलं की पुढचं सगळं आपोआप समजतं. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी शंभर टक्के सील करत नाहीत, ज्वलनाच्या वेळी थोडा गॅस रिंगांच्या बाजूनं खाली चेंबरकडे, म्हणजे क्रँक आणि ऑइल असतं त्या भागाकडे, उतरतोच, त्याला ब्लो-बाय म्हणतात. किती असतो याचा अंदाज काढता येतो. २११२ सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन ३००० आरपीएमला मिनिटाला साधारण ३००० लिटर हवा ओढतं. चांगल्या इंजिनात त्याच्या एक टक्क्याच्या आसपास खाली गळतो असं धरलं तर मिनिटाला ३० लिटर. लायनर घासलेलं, रिंगा सैल झालेल्या जुन्या इंजिनात हाच आकडा १०० लिटरवर सहज जातो. आणि हा नुसता गॅस नाही, त्यात ऑइलचा बारीक धुरळा असतो, पाण्याची वाफ असते, काजळी असते.

आता हे १०० लिटर १० मिमीच्या नळीतून बाहेर काढायचे म्हटले तर नळीतला वेग येतो सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर! एवढ्या वेगानं जाणारा गॅस ऑइलचे थेंब पण सोबत ओढून नेतो आणि नळीत, वळणांवर घासला जाऊन मागे दाब तयार करतो. तोच गॅस २५ मिमीच्या पाईपातून सोडा, वेग उतरतो सेकंदाला साडेतीन मीटरच्या खाली. तेवढ्या वेगात ऑइलचे थेंब पाईपाच्या भिंतीला चिकटून स्वतःच्या वजनानं परत इंजिनात उतरतात आणि गॅस आरामात वर निघून जातो. म्हणजे जाड पाईपाचे दोन फायदे एकदम, दाब पण कमी आणि ऑइल पण कमी जातं. लोक नेमकं उलटं करतात, ब्रीदरमधून ऑइल उडतंय म्हणून तिथे बारीक नळी लावतात, बोळा कोंबतात, एकानं तर बोल्ट बसवून पॅक केलेला मी बघितलाय. ब्रीदरचं ऑइल थांबतं आणि दोन आठवड्यात टॅपेट कव्हरचं पॅकिंग, पुढचा टायमिंगचा सील, डिपस्टिकची नळी, सगळीकडून सुरू होतं.

सील कोणता आहे यावर पण खूप अवलंबून असतं. रबरी लिपचा सील थोडाफार दाब सहन करतो. पण जुन्या इंजिनांत मागच्या बाजूला बऱ्याचदा दोरीचा सील असतो नाहीतर शाफ्टवर आटे कापलेले असतात जे फिरताना ऑइल परत आत ढकलतात. या दोन्ही पद्धती उडणारं ऑइल अडवायला बनवल्यात, आतून हवा बाहेर ढकलली जात असेल तर त्यांचं काही चालत नाही, हवेसोबत ऑइल सरळ बाहेर येतं. अशा इंजिनाला आत दाब शून्याच्या आसपास, म्हणजे बाहेरच्या हवेएवढाच, जमलं तर किंचित खाली पाहिजे. फार खाली पण नको कारण मग सीलमधून बाहेरची धूळ आत ओढली जाते आणि आपल्याकडच्या लाल मातीची धूळ बेअरिंगमध्ये गेली तर इंजिनाचं आयुष्यच संपलं.

मग दाब किती आहे ते कसं कळणार? टोपी नाचते हे बघणं ठीक आहे पण त्यातून आकडा मिळत नाही. आकड्यासाठी गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी आणा, हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. एका फळीवर यू आकारात बांधा, मागे मोजपट्टी चिकटवा, निम्मी पाण्यानं भरा आणि पाण्यात शाईचा एक थेंब टाका म्हणजे नीट दिसतं. डिपस्टिक काढून तिच्या नळीवर एक टोक रबरी तुकड्यानं घट्ट बसवा, दुसरं टोक हवेत मोकळं. दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेवढ्या मिलिमीटरचा फरक तेवढा आतला दाब, १०० मिमी म्हणजे साधारण एक किलोपास्कल. पाणी फार थरथरत असेल तर नळीत कापसाचा छोटा सैल बोळा ठेवा, आकडा स्थिर होतो. फळीची उंची चांगली मीटरभर ठेवा म्हणजे पाणी कुठल्याही बाजूनं बाहेर पडणार नाही, विशेषतः इंजिनात जाणार नाही.

आणि हे गॅरेजात उभ्या गाडीवर बघून समाधान मानू नका. लोड नसताना ब्लो-बाय कमी असतो. आमच्या गाडीत आयडलला २० मिमी, उभ्या उभ्या रेस केल्यावर ७० मिमी आणि भुईबावडा घाटात सेकंड गिअरला पूर्ण पाय दाबून चढवताना १८० मिमीच्या वर. फळी शेजारच्या सीटवर बसलेल्या मित्राच्या मांडीवर होती आणि तो आकडे ओरडून सांगत होता. हा १८० चा आकडा कळल्यावर मला जेवढं समाधान झालं तेवढं नवीन सील बसवून पण झालं नव्हतं, कारण आता नक्की काय दुरुस्त करायचं ते हातात होतं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ज्या गाड्यांना ब्रेक बूस्टरसाठी अल्टरनेटरच्या मागे व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो त्यात बूस्टरमधून ओढलेली हवा पंपाच्या ऑइल रिटर्नमधून इंजिनाच्या चेंबरमध्येच सोडली जाते. बूस्टरचा पडदा फाटला असेल किंवा त्याचा पाईप चिरला असेल तर पंप सतत बाहेरची हवा ओढून चेंबरमध्ये भरत राहतो आणि आपल्याला वाटतं रिंगा गेल्या! इंजिन उतरवायच्या आधी बूस्टरचा पाईप पंपाच्या तोंडाशी काढून ते तोंड बंद करून परत दाब मोजा. आकडा धाडकन खाली आला तर तुमचं इंजिन ठणठणीत आहे, खर्च वाचला. हे करताना गाडी जागेवरच ठेवा, ब्रेक जड होतात.

तसंच गळती नक्की कुठली आहे ते पण आधी बघा. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून ऑइल उतरलं की ते ब्लॉकच्या मागून ओघळत बेल हाउसिंगवरून खाली येतं आणि हुबेहूब क्रँक सील गेल्यासारखं दिसतं. इंजिन डिझेल मारून स्वच्छ धुवा, वाळवा, टाल्कम पावडर फवारा आणि एक फेरी मारून या, ओल्या रेघा दिसतात. बेल हाउसिंगच्या आतूनच येत असेल तर बोटाला लावून वास घ्या, गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास असतो आणि डिझेल इंजिनाचं ऑइल काळंकुट्ट असतं, दोन्हींत गल्लत व्हायचं कारणच नाही.

आता आमचा सेटअप. टॅपेट कव्हरवर २५ मिमी आतल्या व्यासाचा तोंडपाईप वेल्ड करून घेतला, कव्हरच्या पुढच्या भागात. पुढेच का, तर घाट चढताना गाडीचं नाक वर असतं आणि वरचं ऑइल मागच्या बाजूला साचतं, ब्रीदर मागे असेल तर त्यातून गॅसऐवजी ऑइलच जाणार. कव्हरच्या आतून त्या तोंडाखाली पत्र्याचा एक आडोसा, दोन्ही बाजूंनी मोकळा, म्हणजे रॉकरवरून उडणारं ऑइल थेट तोंडात जात नाही. तोंडपाईप जेवढा उंच उभा घेता येईल तेवढा घ्यायचा, कारण तो उभा भागच ऑइल वेगळं करायचं पहिलं काम करतो. वेल्डिंगनंतर कव्हर वाकडं झालं का ते सपाट काचेवर ठेवून बघा, नाहीतर पॅकिंगमधून नवीन गळती.

इथे एक अडचण असते जी फार कमी लोक बोलतात. चेंबरमधला गॅस वर येतो तो पुशरॉडच्या भोकांतून, आणि टॅपेटमध्ये गेलेलं ऑइल खाली उतरतं ते पण त्याच भोकांतून. गॅस जास्त असेल तर तो वर येताना उतरणारं ऑइल वरच धरून ठेवतो आणि टॅपेट कव्हर ऑइलनं भरतं. अशा इंजिनाला वरचा ब्रीदर कितीही मोठा केला तरी पुरत नाही, ब्लॉकच्या बाजूनं दुसरी वाट द्यावी लागते. काहीजण ब्लॉकवर एखादं भोक पट्टीनं झाकलेलं असेल तर तिथून पाईप काढतात. चालतं, पण तिथे कॅम आणि क्रँकचं ऑइल जोरात उडत असतं, आतून पत्र्याचा आडोसा लावल्याशिवाय ते करू नका. आमच्या गाडीला गरज पडली नाही.

तोंडपाईपापासून पाईप कॅच कॅनला, म्हणजे गॅसमधलं ऑइल अडवून साठवणाऱ्या डब्याला. हा कॅन ऑनलाइन छान रंगीत मिळतो पण त्याची तोंडं बारीक असतात आणि आत बऱ्याचदा काहीच नसतं, नुसता डबा. आम्ही तीन इंची लोखंडी पाईपाचा, सव्वा लिटरचा उद्यमनगरातच बनवून घेतला. आत येणारं तोंड बाजूनं तिरकं म्हणजे गॅस गोल फिरतो आणि ऑइल भिंतीला लागतं, मधे जाळीवर स्टेनलेस स्टीलची भांडी घासायची घासणी सैलसर भरलेली, बाहेर जाणारं तोंड सगळ्यात वर, खाली ड्रेन कॉक. साधी लोखंडी काथ्यासारखी घासणी वापरू नका, ती गंजते आणि तिचे तुकडे इंजिनात जातात. साचलेलं परत चेंबरमध्ये सोडायची सोय मी मुद्दाम केली नाही कारण त्यात पाणी असतं, पावसाळ्यात तर कॉक उघडल्यावर आधी पांढरट दह्यासारखं निघतं, ते परत बेअरिंगांना कशाला पाजायचं.

पाईप कोणता हे महत्त्वाचं आहे. रेडिएटरचा होज दिसायला मजबूत असतो पण त्याचं रबर ऑइलमध्ये फुगतं आणि आतून सुटतं. बागेचा हिरवा पाईप गरम झाला की चपटा होतो. ऑइलला चालणारा नायट्राइल रबरचा होज मागा, आत कापडी थर असलेला. इंजिनापासून कॅनपर्यंत पाईप सतत चढता पाहिजे, मधे कुठेही पोटासारखा लोंबता नको, तिथे ऑइल-पाणी साचून वाट बंद होते आणि आपण परत मूळपदावर.

कॅनच्या पुढे काय, यावर बरेच वाद होतात. जुनी पद्धत म्हणजे पाईप गाडीखाली सोडायचा, टोक मागच्या बाजूला तिरकं कापलेलं, गाडी पळताना खालून जाणारी हवा गॅस ओढून घेते. हायवेला बरं चालतं. पण ओढ्यातून, दगडातून रांगत जाणाऱ्या गाडीला तो वेगच नसतो, आणि पाण्यात उतरलो की ते टोक पाण्याखाली. इंजिन तिथे बंद पडून थंड व्हायला लागलं तर पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून ऑफ-रोडच्या गाडीला मी ही पद्धत सांगणार नाही.

दुसरी पद्धत म्हणजे एअर फिल्टरच्या पुढे, फिल्टर आणि मॅनिफोल्डच्या मधल्या पाईपात जोडणं. तिथे किंचित ओढ असते, गॅस परत जळून जातो, वास येत नाही. आमचं असंच आहे आणि आता त्याच घाटात, त्याच गिअरला आकडा २५ मिमीच्या आसपास राहतो, आयडलला शून्याच्या किंचित खाली. बेल हाउसिंगचं भोक कोरडं आहे. पण ही पद्धत करणाऱ्यानं पुढचं नीट वाचावं.

डिझेल इंजिन ऑइलवर पण चालतं. कॅन भरून वाहिला, किंवा गाडी भलत्याच कोनात कलंडली आणि ब्रीदरमधून ऑइल सरळ इनटेकमध्ये गेलं, तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं, रेस वाढतच जाते आणि स्टॉपची केबल ओढून काही होत नाही कारण ती केबल फक्त पंपाचं डिझेल बंद करते. अशा वेळी ब्रेक दाबून, वरच्या गिअरला टाकून क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं, किंवा इनटेकचं तोंड फळीनं किंवा जाड पुस्तकानं बंद करायचं, हात लावायचा नाही, आणि फार भडकलं असेल तर जवळ जायचंच नाही. तेलाचा जुना एअर क्लिनर असेल तर त्यात खुणेच्या वर ऑइल भरलं तरी हाच धोका. फिल्टर चोंदला की ओढ वाढते आणि कॅनमधून जास्त ऑइल ओढलं जातं, म्हणून फिल्टर वेळेवर. आणि ज्याच्या इंजिनाचा ब्लो-बाय खरंच जास्त आहे, टोपी उडतेय, त्यानं इनटेकला जोडूच नये, कॅनवर छोटा ब्रीदर फिल्टर लावून तो फायरवॉलच्या उंचीला ठेवावा. रिंगा गेलेल्या इंजिनाला ब्रीदर हा उपाय नाहीच, तिथे बोअरिंग आणि रिंगा.

पेट्रोल विलीजवाल्या मित्रांसाठी वेगळं. तुमच्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या जीपपासूनच पीसीव्ही व्हॉल्व्ह (चेंबरमधला गॅस मॅनिफोल्डच्या ओढीनं परत इंजिनात नेणारा) आहे, १९४१ च्या त्या साइड व्हॉल्व्ह इंजिनात बाजूच्या व्हॉल्व्ह कव्हरपासून मॅनिफोल्डपर्यंत नळी आणि मॅनिफोल्डवर व्हॉल्व्ह. अमेरिकेतल्या साध्या गाड्यांना ही सोय सरसकट यायला साठचं दशक उजाडलं, त्या माणसांनी पाणी-धुळीचा विचार किती आधी केला होता बघा. बऱ्याच जीपमध्ये तो व्हॉल्व्ह काजळीनं बंद पडलेला असतो किंवा काढून तिथे बोल्ट मारलेला असतो. सोडवा, पेट्रोलमध्ये धुवा, हलवून खडखड वाजतो का बघा. आणि हाच व्हॉल्व्ह डिझेलला लावायचा प्रयोग करू नका, डिझेलला थ्रॉटल नसल्यामुळे मॅनिफोल्डमध्ये तेवढी ओढच नसते, व्हॉल्व्ह नुसता अडथळा बनतो. बुलेटला लावतात तसा एका दिशेचा रबरी व्हॉल्व्ह पण चार सिलिंडरला फारसा उपयोगाचा नाही, बुलेटचा एकच पिस्टन खालीवर होताना चेंबरमधली हवा पंपासारखी ढकलतो, चार सिलिंडरमध्ये दोन वर दोन खाली असतात त्यामुळे आतली जागा जवळपास तेवढीच राहते.

जाता जाता ॲक्सलचे ब्रीदर. हाउसिंगवर ती बोटाच्या पेराएवढी टोपी असते, बहुतेक गाड्यांत चिखलानं बंद. बंद असली की गरम झालेल्या हाउसिंगमधला दाब पिनियन सीलमधून किंवा ब्रेकच्या ड्रममध्ये ऑइल ढकलतो, आणि तेच गरम हाउसिंग ओढ्याच्या गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत. टोपी काढून तिथे निप्पल बसवा, ८ मिमीची नळी वर बॉनेटच्या उंचीपर्यंत न्या, टोक खाली वळवा, तोंडाला जुना पेट्रोल फिल्टर लावा. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला पण तसंच. नळी स्प्रिंग पूर्ण खाली गेल्यावरसुद्धा ताणली जाणार नाही एवढी ढिली ठेवा आणि सायलेन्सरपासून लांब बांधा.